एकोणीस वर्षं न निजलेला म्हातारा

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, यांना सगळे स्वेटरवाले म्हणून ओळखतात. माणूस कामसू, सरळ आणि निर्व्यसनी. शेवटचा शब्द मी जरा जपून वापरतोय, कारण कॉम्प्युटर व्यसनात धरायचा की नाही यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे शाळांचे स्वेटर विणणारं एक लांबलचक यंत्र, लोकरीच्या रिळांचं कपाट, इस्त्रीचं टेबल आणि कोपऱ्यात तो कॉम्प्युटर. स्वेटरच्या छातीवर शाळेचं चिन्ह विणावं लागतं. कुणाचा दिवा, कुणाचं उघडं पुस्तक, एका शाळेचं तर चक्क कासव आहे. कुठल्या ओळीला कुठली सुई उचलायची, हे तो कॉम्प्युटर एका जाड केबलमधून विणयंत्राला सांगतो. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि पिठाच्या गिरणीच्या तोंडात मारेल अशी घरघर. माउस नाही, रंग नाही, इंटरनेटचं तर नावच काढू नका. त्याच्या पोटात एकूण जेवढं मावतं त्याहून जास्त जागा माझ्या भाचीच्या फोनमधला एक फोटो खातो. भाऊजी त्याला लाडाने म्हातारा म्हणतात.

या म्हाताऱ्याची ख्याती अशी, की तो एकोणीस वर्षांत एकदाही बंद झालेला नाही. म्हणजे बिघडला नाही असं नव्हे. खटका दाबून बंद केलाच नाही. मागच्या बाजूला अंगठ्याएवढा लाल खटका आहे, त्यावर भाऊजींनी अर्धी काडेपेटी उपडी घालून चिकटपट्टीने बसवली आहे आणि वर कागद लावला आहे, ‘हात लावू नये’. वीज गेली तर खाली यूपीएस आहेच.

याला कारण मी. एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या लग्नासाठी भाऊजींनी तो दोन दिवस बंद ठेवला. परत येऊन लावला तर आतली डिस्क फिरेना. पाच शाळांचे नमुने त्या डिस्कवर, दुसरीकडे कुठेही नाहीत. तीन दिवस भाऊजी अन्नाला शिवले नाहीत. चौथ्या दिवशी मेकॅनिकला आणायला गेले, आणि त्याला घेऊन येतात तो काय, म्हातारा आपला घरघरत बसलेला. ताई काहीतरी सांगत होती, पण त्या आनंदात तिच्याकडे लक्ष कोण देतो. भाऊजींनी तिथल्या तिथे शपथ घेतली की आता याला बंद करणार नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो हे खरं, पण आमच्या भाऊजींनी ताक पिणंच सोडलं.

त्या दिवसापासून ते गावाबाहेर मुक्कामाला गेलेले नाहीत. स्वतःच्या लेकीचं लग्न त्यांनी घरासमोरच्या हॉलमध्ये लावलं आणि मधे दोनदा घरी जाऊन आले. लेक सासरी गेली ती रेल्वेने एक रात्र आणि अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. तिच्याकडे ताई दोनदा महिना महिना राहून आली, एकटीच. ती नसली की म्हातारा खुरखुरायचा, मधेच अडखळायचा. भाऊजी मला म्हणत, “बघ, त्यालाही करमत नाही तिच्यावाचून.” स्वतःला करमत नाही हे सांगायला त्यांना यंत्र लागायचं.

आठवड्यात ते एकदाच घर सोडत. रविवारी सकाळी नऊ ते बारा, आणि तेही ताई घरी आहे याची खात्री करून. जात कुठे, तर जुन्या कॉम्प्युटरवाल्यांच्या मंडळात. एका निवृत्त प्राध्यापकांच्या गॅरेजमध्ये हे मंडळ भरतं. प्राध्यापकांची मोटार बिचारी रस्त्यावर उन्हात आणि आत तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे कॉम्प्युटर सावलीत, अंगावर धुतलेले पंचे पांघरून. सातआठ जण जमतात. एकेक यंत्र लावतात, ते आपली स्मरणशक्ती मोजत आकडे दाखवतं, ते पूर्ण झाले की टाळ्या वाजवतात. मग फ्लॉपीचा वास घेतात. प्राध्यापक डोळे मिटून आवाज ऐकतात आणि म्हणतात, “हल्लीच्या यंत्रांना बोलताच येत नाही.” एक दंतवैद्य आहेत, त्यांच्या यंत्रावर फक्त एकच खेळ चालतो, ठिपके खात सुटणारी एक रेघ. बावीस वर्षं ते त्यात हरताहेत, पण निष्ठा ढळलेली नाही. ताई या सगळ्यांना खटखटे मंडळ म्हणते.

या मंडळात भाऊजींचा मान मोठा. बाकीच्यांची यंत्रं निवृत्त, भाऊजींचं एकट्याचं नोकरीत. वर्षातून एकदा सगळं मंडळ म्हाताऱ्याला भेटायला कारखान्यात येई. मीही जात असे, कारण त्या दिवशी ताई चहाबरोबर काहीतरी गोड करायची. म्हाताऱ्याची तीन आश्चर्यं मंडळात प्रसिद्ध होती. पहिलं, लोकरीच्या कारखान्यात राहूनही त्याच्यावर धुळीचा कण नाही. भाऊजी सांगत, सतत चालणारा पंखा धूळ बसूच देत नाही. दुसरं, खटक्यावरची चिकटपट्टी. एकोणीस वर्षांत ती पिवळीसुद्धा पडली नव्हती. प्राध्यापक तिच्यावरून बोट फिरवून म्हणत, “याला म्हणतात जुना माल. जुनं ते सोनं.”

तिसरं आश्चर्य जरा समजावून सांगायला हवं. या जातीच्या कॉम्प्युटरला स्वतःचं घड्याळ नसतं. लावला की तो आधी विचारतो, आज तारीख काय, वाजले किती. तुम्ही उत्तर दिलं नाहीत तर तो खुशाल आज उगवलेला दिवस एकोणीसशे ऐंशी सालातला समजून कामाला लागतो. म्हाताऱ्याच्या पडद्यावर मात्र कधीही बघा, तारीख बरोबर. हाच तो बंद न झाल्याचा पुरावा. फक्त वेळ दहा मिनिटं पुढे. यंदाही दहा, गेल्या वर्षीही दहा, त्याआधीही दहा.

मी घड्याळजी आहे. तीस वर्षं माझं दुकान आहे, आणि हे ऐकून माझ्या डोक्यात जायचं. मी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, “पुढे पळणारं घड्याळ दहा मिनिटांवर थांबत नाही हो. आज दहा, तर पुढच्या महिन्यात अकरा. दहाच्या दहाच राहतात म्हणजे ते पळत नाही, कुणीतरी लावतंय.”

प्राध्यापकांनी माझ्याकडे, शस्त्रक्रियेवर मत देणाऱ्या न्हाव्याकडे बघावं तसं बघितलं. मग त्यांनी चाळीस मिनिटं व्याख्यान दिलं. जुनी यंत्रं सुरुवातीला उत्साहाने पुढे धावतात, मग त्यांच्या अंगी एक प्रगल्भता येते आणि ती स्थिरावतात, असं काहीतरी. दंतवैद्यांनी ते लिहून घेतलं. ताई कपबश्या गोळा करत होती. पालथ्या घड्यावर पाणी ओतायला माझ्याकडे वेळ नव्हता, दोन गिऱ्हाईकं खोळंबली होती.

यंदा दोन गोष्टी एकदम आल्या. घरमालकाला पुढची खोली परत हवी होती, मुलाचा दवाखाना घालायला. राहायची जागा तशीच राहणार, पण कारखाना हलवणं आलं. दोन गल्ल्या सोडून एक गाळा मिळाला. आणि त्याच महिन्यात भाचीचं पहिलं बाळंतपण.

ताईने तिकिटं काढली तेव्हा मी तिथेच होतो, भाऊजींच्या मनगटी घड्याळाचा पट्टा बदलत.

“दोन तिकिटं काढलीत,” ताई म्हणाली.

“दोन कशाला?” भाऊजींनी लोकरीतून मान वर केली.

“एक माझं, एक तुमचं.”

“अगं, आणि म्हाताऱ्याकडे कोण बघणार? नवी जागा, नवी वीज. तू हो पुढे. बाळंतपणात माझा काय उपयोग?”

“उपयोगाला कोण बोलावतंय? ती म्हणाली, बाबांना घेऊन ये.”

“तिला सांग, बाबांना कारखाना आहे.”

स्वेटरच्या बटणांचा डबा उघडून ताईने दोन्ही तिकिटं तळाला ठेवली आणि वर बटणं सारखी केली. माझी ताई रडणाऱ्यातली नाही. पण बटणं सारखी करायला एवढा वेळ लागत नाही, हे मला कळत होतं. मला भाऊजींचा राग आला. त्यांच्या मनगटावर पट्टा मी एक भोक घट्टच आवळला.

म्हातारा हलवायचा कसा, यावर मंडळात तीन रविवार चर्चा झाली. कुठल्याही रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला विचारा, तो सांगेल की फिरत्या डिस्कला धक्का लागला तर ती जास्त बिघडते, बंद करून न्यावी. हे मंडळात सगळ्यांना माहीत होतं. पण बंद केला आणि पुन्हा लागलाच नाही तर? आणि एकोणीस वर्षांचा विक्रम? शेवटी ठरलं की म्हाताऱ्याला चालू अवस्थेत, यूपीएसवर, हातगाडीवरून न्यायचं. यूपीएस वीस मिनिटं दम धरतो. प्राध्यापकांनी खोक्यात विटा भरून दोनदा रंगीत तालीम घेतली. सात मिनिटं लागली. शिकलेली माणसं एकत्र आली की केवढा मोठा मूर्खपणा किती शिस्तीने करतात, हे बघायचं असेल तर ती तालीम बघायला हवी होती.

विणयंत्र शनिवारीच टेम्पोने गेलं. रविवारी सकाळी दहा वाजता वरात निघाली. हातगाडीवर गादी, गादीवर दोन उशा, उशांवर म्हातारा, त्याच्या पायथ्याशी यूपीएस, आणि ऊन लागू नये म्हणून वरून पांढरी चादर. भाऊजी आणि मी गाडी ढकलतोय, दंतवैद्य पुढे जाऊन लोकांना बाजूला करताहेत, प्राध्यापक शेजारून हातातलं घड्याळ बघत मिनिटं मोजताहेत. यूपीएस वीज नसली की दर काही सेकंदांनी टूं करतो. चादरीखालून टूं, टूं. लोक दुकानातून बाहेर येऊन हळहळल्यासारखे बघायला लागले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी काढली. एका बाईंनी खालच्या आवाजात विचारलं, “कोण होतं हो?”

“अजून आहे,” भाऊजी म्हणाले आणि गाडी पुढे ढकलली.

दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी सगळं अडलं. तालमीनंतरच्या आठवड्यात तिथे पाण्याची पाइप टाकायला रस्ता खणला होता. प्राध्यापकांनी सगळ्याची गणितं केली होती, पण रस्ता बघून यायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गाडी वळवून लांबच्या बाजूने काढावी लागली. बारा मिनिटं. पंधरा. टूं टूं लवकर लवकर व्हायला लागलं. भाऊजींच्या कपाळावरून घाम निथळत होता, पण गाडी जोरात ढकलावी तर धक्का आणि हळू ढकलावी तर वेळ. अठराव्या मिनिटाला यूपीएसने एक लांबलचक सूर धरला आणि गप्प झाला. कागदावर वीस मिनिटांचा होता, पण त्याचंही वय झालेलं. चादरीखालची घरघर उतरत उतरत थांबली. भाऊजींनी चादर उचलली. पडद्याच्या मधोमध एक हिरवा ठिपका होता, तोही विझला.

आम्ही माझ्या दुकानापासून बारा पावलांवर होतो.

उचलून म्हाताऱ्याला माझ्या टेबलावर ठेवलं. भाऊजी गिऱ्हाईकांच्या स्टुलावर बसले. प्राध्यापक घसा साफ करून म्हणाले, “एकोणीस वर्षं, चार महिने आणि...” पुढचे दिवस त्यांना आठवेनात, म्हणून ते नुसते उभे राहिले.

“अहो, लावून तर बघा,” मी म्हटलं.

भाऊजींनी काडेपेटी सोलून काढली. खटका मी दाबला. पंखा लागला. डिस्क मात्र आतून एकदा ‘कट्’ करायची आणि थांबायची. पुन्हा दाबला, पुन्हा कट्.

“तेच,” भाऊजी म्हणाले. “त्या वेळचंच. आता नाही उठत तो.”

मी त्यांच्यावर इतके दिवस चिडून होतो, पण त्या वेळी त्यांचा चेहरा बघवेना. एवढा मोठा माणूस स्टुलावर मावेनासा झाला होता. दंतवैद्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

तेवढ्यात ताई आली. ती सकाळपासून नव्या गाळ्यात फरशी धुवत होती. गाडी येईना म्हणून शोधत निघाली, हात अजून ओलेच. तिने भाऊजींकडे बघितलं, म्हाताऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “सरका.”

“वहिनी, हे जरा नाजूक...” प्राध्यापक बोलायला लागले.

“माहीत आहे मला,” ताई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “तू तुझा तो दिवा दे इकडे. आणि स्क्रूड्रायव्हर.”

माझा कामाचा दिवा जुन्या पिवळ्या बल्बचा आहे, चांगला तापतो. ताईने प्लग काढला, चार स्क्रू सोडवले आणि म्हाताऱ्याचं झाकण उचललं. मी घड्याळाची पाठ उघडायला घेतो त्याहून कमी वेळात. आतलं सगळं लख्ख होतं. तिने दिवा डिस्कच्या कुशीला टेकवून ठेवला आणि मला म्हणाली, “चहा मागव. पाव तास लागतो.”

आम्ही सगळ्यांनी चहा घेतला. भाऊजींनी नुसता कप धरला. पाव तासाने ताईने दिवा बाजूला केला, प्लग लावला, एका हाताने खटका दाबला आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने डिस्कच्या बाजूला एक बेताची थाप दिली. झोपेतल्या पोराला शाळेसाठी उठवताना देतात तशी. आतून कट् झालं, मग खर्र, आणि मग ती घरघर. हिरवे आकडे पळायला लागले. दंतवैद्य टाळ्या वाजवायला गेले, पण बाकीच्यांचे हात उठले नाहीत, तेव्हा त्यांनी ते खिशात घातले. भाऊजींचा जीव भांड्यात पडला. ते स्टुलावरून उठून पडद्याशी आले.

म्हाताऱ्याने विचारलं, आज तारीख काय. ताईने टाकली. मग विचारलं, वाजले किती.

माझ्या दुकानाच्या भिंतींवर चाळीसएक घड्याळं आहेत आणि सगळी बरोबर चालतात, तेवढी लाज मी राखून आहे. त्या क्षणी चाळीसच्या चाळीस घड्याळांत दहा चाळीस झाले होते. ताईने मान वर करून बघितलं, आणि टाकलं दहा पन्नास.

त्या एका क्षणात मला सगळं दिसलं. माझी ताई लहानपणापासून घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवते. तेव्हा ते मला शाळेत वेळेवर पोचवण्यासाठी होतं. त्या दहा मिनिटांच्या फसवणुकीचा एवढा संताप यायचा की मी घड्याळजी झालो तो त्यातूनच. आजही तिच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. मीच दिलेलं आहे ते. आणि कारखान्याच्या कोपऱ्यातून, दार उघडं असलं की, बरोबर तेच दिसायचं.

“वहिनी,” प्राध्यापक म्हणाले, “हे दहा मिनिटं पुढे का टाकलंत?”

ताईने पडद्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. “अगंबाई. सवयीने. घरचं घड्याळ तेवढं पुढे आहे ना.”

चाळीस घड्याळं टिकटिकत होती.

“सवयीने म्हणजे?” भाऊजींनी विचारलं. “किती वेळा?”

“दर रविवारी,” ताई म्हणाली. तिने हात पुसले. “तुम्ही तिकडे गेलात की बंद करायचे, झाकण काढून ब्रशने लोकर झाडायचे, पुन्हा लावायचे. एवढ्या लोकरीत राहतं ते, कुणी झाडायला नको? न झाडता चाललं असतं का एकोणीस वर्षं? थंडीचं लवकर उठायचं नाही, मग गरम पाण्याची पिशवी लावायची. पहिल्यांदा तुमचा मेकॅनिक येण्याआधी मीच उठवलं होतं. सांगत होते मी, ऐकतंय कोण.”

“आणि ती चिकटपट्टी?” दंतवैद्यांनी हळूच विचारलं.

“ती दर आठवड्याला नवी. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातली.”

प्राध्यापक खाली बसले. ज्या पट्टीवर त्यांनी इतकी वर्षं बोट फिरवलं होतं, ती कधी सात दिवसांहून जुनी नव्हती.

“तू मला सांगितलं का नाहीस?” भाऊजींनी विचारलं. “माझी जगात शोभा. आणि मी तिकडे दर रविवारी छाती फुगवून...”

“म्हणून तर नाही सांगितलं. बाराला घरी यायचात तेव्हा कसे हसत यायचात तुम्ही. ते कुणाला मोडावंसं वाटेल?”

“मग इतकी वर्षं आपण कुठे गेलो नाही. तेव्हा तरी म्हणायचं होतंस, की बंद केला तरी चालतं.”

ताईने माझा दिवा परत जागेवर ठेवला. “मी वाट बघत होते,” ती म्हणाली. “म्हटलं, एकदा तरी तुम्ही आपणहून म्हणाल, बंद पडला तर पडू दे म्हातारा, चल, जाऊ. एकोणीस वर्षं नाही म्हणालात.”

पण मंडळ म्हणजे शेवटी मंडळ. पाच मिनिटांनी प्राध्यापकांनी माझ्या पावतीपुस्तकामागे पेन्सिलीने गुणाकार मांडला. एकोणीस वर्षांचे आणि चार महिन्यांचे रविवार एक हजार पाच. “मी दोनदा लेकीकडे होते, ते नऊ वजा करा,” ताई म्हणाली. राहिले नऊशे शहाण्णव. “म्हणजे या वयाचं यंत्र,” प्राध्यापक उभे राहत म्हणाले, “नऊशे शहाण्णव वेळा बंद होऊन पुन्हा उठलेलं आहे. आज नऊशे सत्त्याण्णव. अहो, हे तर जास्तच मोठं आश्चर्य आहे.” आणि सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवल्या. भाऊजींनी नाही वाजवल्या.

चार दिवस ते ताईशी मोजकंच बोलले. गुरुवारी दुपारी माझ्या दुकानात येऊन त्याच स्टुलावर बसले.

“तू म्हणाला होतास, कुणीतरी लावतंय,” ते म्हणाले.

“हो.”

“मला कशी नाही सुचली ती?”

मला बोलायला भरपूर होतं. तीन आठवडे मी ते मनात घोळवत होतो. पण खरं सांगायचं तर मलाही ताई सुचली नव्हती. तिचं घड्याळ मी दिलेलं, तिची सवय मी भोगलेली, धंदा माझा घड्याळांचा, आणि तरी माझ्या डोक्यात आली नव्हती. मी तसं कबूल केलं.

त्यांनी माझ्या भिंतीवरच्या घड्याळांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, “ती तिकिटं कधीची आहेत रे?”

“मला काय विचारता? बटणांच्या डब्यात बघा.”

शनिवारी सकाळी त्यांनी मला नव्या गाळ्यावर बोलावून घेतलं. किल्ली माझ्याकडे राहणार होती. ताई दारात बॅगा घेऊन उभी होती. भाऊजींनी म्हाताऱ्याच्या मागे जाऊन काडेपेटी काढली आणि तसेच थांबले.

“तूच कर ना,” ते ताईला म्हणाले.

“नऊशे शहाण्णव वेळा मी केला. आता तुम्ही करा.”

त्यांनी डोळे मिटून खटका दाबला. घरघर उतरत गेली आणि थांबली. बाहेर कुणीतरी नळाखाली बादली सरकवली ते ऐकू आलं. समोरच्या घरातला रेडिओ ऐकू आला.

“हा एवढा आवाज करत होता?” भाऊजी म्हणाले.

“हो ना,” ताई म्हणाली. “चला, गाडी चुकेल.”

निघताना तिने मला एक ब्रश दिला, चिकटपट्टीचं नवं रीळ दिलं आणि दर रविवारी काय करायचं ते सांगितलं. पहिल्या रविवारी सकाळी मी गाळा उघडतोय तोवर भाऊजींचा फोन. झाकण कसं धरायचं, ब्रश कुठल्या दिशेने फिरवायचा, थाप किती जोरात द्यायची, सगळं पुन्हा एकदा. दुसऱ्या रविवारी फोन दुपारी आला. मागे बाळाचा आवाज येत होता. भाऊजी म्हणाले, लेकीचं नाक घेतलंय, आणि शी झाल्याशिवाय झोपत नाही. म्हाताऱ्याचं त्यांनी शेवटी विचारलं, तेही ताईने आठवण केली म्हणून.

तिसऱ्या रविवारी फोन आलाच नाही. मी थोडा वेळ वाट बघितली. मला फार बरं वाटलं. मग लोकर झाडली, झाकण लावलं, थाप दिली. म्हातारा उठला आणि त्याने मला विचारलं, आज तारीख काय. मी टाकली. मग विचारलं, वाजले किती. तीस वर्षं मी लोकांची घड्याळं लावतोय, मुद्दाम चुकीचं कधी लावलं नाही. मनगटावर बघितलं, नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. मी नऊ तीस टाकले.